निर्वासितांच्या मुलांनी वाचायचं काय?

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत शाळेचं वाचनालय वेगळं आणि वर्गाचं वेगळं. वर्गाचं वाचनालय म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात एक बुटकी मांडणी, तिच्यावर प्लॅस्टिकच्या टोपल्या, खाली जाजम आणि हवं ते पुस्तक घेऊन कुठेही पसरून बसायची मुभा. शाळेच्या वाचनालयाला निदान कागदोपत्री अंदाजपत्रक असतं, वर्गातल्या कोपऱ्याला फक्त बाई असतात. पदरचे पैसे घालून, जुन्या पुस्तकांच्या विक्रीत हिंडून, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यांची खोकी घरी आणून त्याच पुस्तकं जमवतात. साहजिकच त्या टोपल्यांत काय असेल हे बऱ्याच अंशी बाईंचं स्वतःचं बालपण ठरवतं. २०२०-२१ साली तिथल्या सरकारी शाळांतले ८० टक्के शिक्षक गोरे होते. मुलांमध्ये मात्र गोऱ्यांचं प्रमाण २०१४ पासूनच निम्म्याखाली गेलेलं आहे.

बाहेरून आलेल्या मुलांना वर्गात जागा कायद्याने मिळाली आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ज्या मुलाला इंग्रजी कळत नाही त्याच्यापुढे इतरांचंच पुस्तक ठेवलं तर ती समान वागणूक होत नाही. पुढे १९८२ साली टेक्ससच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने ठरवलं, की मुलाकडे देशात राहण्याची कागदपत्रं नसली तरी त्याला सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. एवढं झालं, तरी त्या मुलासाठी टोपलीत काय ठेवायचं हे कुठल्याच न्यायालयाने सांगितलेलं नाही. गेली साठ वर्षं त्यावर वाद चालू आहे आणि त्यात नुसत्या सद्भावनेच्या पलीकडचं बरंच काही आहे.

सुरुवात मोजदादीपासून झाली. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी ‘सॅटरडे रिव्ह्यू’ साप्ताहिकात एक लेख लिहिला. आधीच्या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं त्यांनी धरली होती. त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एखादं तरी काळं माणूस दिसत होतं. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या बालपुस्तक केंद्राने ही मोजणी हाती घेतली. १९८५ साली निघालेल्या सुमारे अडीच हजार पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती अठरा. २०१४ साली वॉल्टर डीन मायर्स या ज्येष्ठ लेखकाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये विचारलं, की २०१३ च्या ३,२०० पुस्तकांत काळ्या माणसांबद्दलची अवघी ९३ कशी? त्याच वर्षी ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ ही चळवळ उभी राहिली आणि प्रकाशकांना जाग आली. तरी २०१८ चा हिशोब पाहण्यासारखा आहे. त्या वर्षीच्या पुस्तकांपैकी निम्म्यांत मुख्य पात्र गोरं होतं. काळी, आशियाई, लॅटिनो आणि मूळ अमेरिकन पात्रं सगळी मिळून २३ टक्के. ससे, अस्वलं, ट्रक वगैरे मंडळी २७ टक्के.

या आकड्यांना विचाराची चौकट दिली ती ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रुडीन सिम्स बिशप यांनी. पुस्तक हे मुलासाठी आरसा असतं, खिडकी असतं आणि सरकतं काचेचं दारही असतं, असं त्यांनी १९९० साली मांडलं. आज अमेरिकेतल्या कुठल्याही शिक्षक-प्रशिक्षणात हा दृष्टान्त दिवसातून दोनदा ऐकू येतो. त्याने कामही पुष्कळ केलं. अडचण एवढीच, की बिशप यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने याच देशात पिढ्यान् पिढ्या राहिलेली आणि तरीही पुस्तकातून गायब असलेली मुलं होती. परवा विमानातून उतरलेल्या मुलाचा आरसा कुठला? त्याने सोडलेलं गाव, छावणीतली झोपडी, की मिनेसोटातल्या सेंट पॉलमधली तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली? हा प्रश्न मोजणीच्या तक्त्यात मावत नाही. ‘आशियाई’ या एका रकान्यात जपानी, गुजराती, लाओसकडची हमोंग आणि थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांतून आलेली कॅरेन मुलं एकत्र कोंबली जातात. न्यू जर्सीतल्या एखाद्या वर्गात ‘भारत’ म्हणून दिवाळीचं एक आणि होळीचं एक पुस्तक ठेवलं की बाईंचं समाधान होतं. तिथल्या मराठी मुलाला त्या दिवाळीत किल्ला दिसत नाही. पण त्याच्या घरी पुस्तकं असतात, आजी-आजोबा दर उन्हाळ्यात येतात आणि रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा भरते. निर्वासिताच्या मुलाच्या मागे अशी सोय नसते, म्हणून त्याच्या बाबतीत टोपलीतली चूक जास्त महाग पडते.

सगळ्यात मोठी चूक सद्हेतूनेच होते, असं मला वाटतं. निर्वासित मूल वर्गात आलं की बाई निर्वासितांवरची पुस्तकं मागवतात. २०१५ साली सिरियातले लोंढे युरोपच्या किनाऱ्याला लागले आणि त्यानंतर अशा पुस्तकांचं पीकच आलं. फ्रान्चेस्का सान्ना यांचं ‘द जर्नी’ २०१६ चं. त्याच वर्षीचं ‘स्टेपिंग स्टोन्स’ हे इंग्रजी-अरबी पुस्तक सिरियन कलावंत निझार अली बद्र यांनी दगडगोटे रचून केलेल्या चित्रांभोवती उभं आहे. दोन्ही पुस्तकं देखणी आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. पण ती ज्यांनी बॉम्ब पाहिलेला नाही अशा मुलांना उद्देशून आहेत. वर्गातल्या इतरांना नव्या मुलाबद्दल काही कळावं म्हणून ती हवीतच. ज्याने ते सगळं पाहिलं आहे त्याच्या हाती मात्र ती ‘तुझ्यासाठी आणलीत बरं का’ असं म्हणून द्यायची नाहीत. बोट, तारेचं कुंपण, तंबू, बंदूक हीच त्या मुलाची ओळख असेल, तर सगळ्या वर्गाने तेवढंच लक्षात ठेवलेलं त्याला कसं आवडेल? त्यात कुणी सगळ्यांसमोर ‘तुझ्या बाबतीत असंच झालं का रे?’ असं विचारलं, तर ते मूल पुन्हा त्या कोपऱ्याकडे फिरकणार नाही.

मग काय ठेवायचं? मिनेसोटा राज्यात याची चांगली उत्तरं सापडतात, आणि त्याला कारण आहे. १९७५ नंतर लाओसमधून निघालेले हमोंग, १९९१ मध्ये सोमालियाचं सरकार कोसळल्यावर बाहेर पडलेले सोमाली आणि त्यांच्यानंतर थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांतून आलेले कॅरेन, असे तीन समाज मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत स्थिरावले. त्यांची तिथे वाढलेली मुलं आता स्वतः लिहिती झाली आहेत. बाओ फी यांचा जन्म सायगावचा, लहानपण मिनियापोलिसचं. त्यांच्या ‘अ डिफरंट पाँड’ या २०१७ च्या चित्रपुस्तकात बाप आणि मुलगा पहाटेच्या अंधारात तळ्यावर मासे धरायला जातात. हौस म्हणून नाही, रात्रीच्या जेवणासाठी. बापाने आणखी एक नोकरी धरलेली आहे आणि तरी पुरत नाही. बोलता बोलता बाप व्हिएतनाममधल्या एका तळ्याची आणि युद्धातून परत न आलेल्या भावाची आठवण काढतो. युद्ध आलं तेवढंच. बाकी पुस्तकभर गळ, थंडी, सँडविच आणि बापाबरोबर जाग्या असलेल्या पोराचा अभिमान. थी बुई यांच्या चित्रांसाठी या पुस्तकाला कॅल्डिकॉट सन्मान मिळाला.

काओ कालिया यांग यांचं ‘अ मॅप इंटू द वर्ल्ड’ (२०१९) याच जातीचं. यांग यांचा जन्म थायलंडमधल्या बान विनाय छावणीतला. गोष्टीत मात्र एक हमोंग मुलगी नव्या घरात राहायला येते, तिला जुळी भावंडं होतात, समोरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याची बायको वारते आणि ती मुलगी त्याच्यासाठी खडूने जमिनीवर चित्र काढते. हमोंग लोकांच्या पळापळीची भरतकाम केलेली कथा त्या घराच्या भिंतीवर टांगलेली आहे. ज्याला पाहायची त्याने पाहावी. अशा पुस्तकात निर्वासिताच्या मुलाकडे दुसऱ्याला देण्यासारखं काही असतं. दया दाखवणारं पुस्तक आणि हे पुस्तक यांतला फरक मुलांना आपल्याआधी कळतो.

छावणीवरचं पुस्तक ठेवूच नये, असा याचा अर्थ नाही. ‘व्हेन स्टार्स आर स्कॅटर्ड’ (२०२०) ही चित्रकादंबरी केनियातल्या दादाब छावणीत वाढलेल्या ओमर मोहमद यांनी व्हिक्टोरिया जेमिसन यांच्याबरोबर स्वतःच्या आयुष्यावर केली. तिच्यात भूक आहे, वर्षानुवर्षांची वाट पाहणं आहे, तसेच फुटबॉल, शाळेतल्या खोड्या आणि भावाची काळजीही आहे. छावणीत माणसं दुःखाबरोबर कंटाळ्यातही जगतात, हे तिथे राहिलेल्या माणसाशिवाय कुणाला सुचलं नसतं. म्हणजे लेखक त्याच समाजाचा हवा का? बर्फात खेळणाऱ्या काळ्या मुलाचं ‘द स्नोई डे’ (१९६२) लिहिणारे एझ्रा जॅक कीट्स पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातले होते आणि ते पुस्तक आजही टोपलीतून उचललं जातं. उलट टोकाला ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ आहे. भारतात राहिलेल्या हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी ते १८९९ साली प्रसिद्ध केलं. गोष्टीत वाघ आणि तूप आहे, चित्रांत मात्र काळ्या माणसाची थट्टा आहे. अमेरिकेतल्या मुलांनी त्या नावाने वर्गमित्रांना चिडवलं. लेखक कोण हा प्रश्न विचारावा, पण निकाल पुस्तक उघडून द्यावा.

भाषेचा मुद्दा यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. मातृभाषेतली पुस्तकं आणा, असं सगळेच म्हणतात. पण कुणासाठी? सोमाली भाषेला अधिकृत लिपी १९७२ साली मिळाली. हमोंग भाषेची आज प्रचलित असलेली रोमन लिपी १९५० च्या दशकात लाओसमधल्या मिशनऱ्यांनी बसवली. या घरांतल्या अनेक आज्यांना गोष्टी तोंडपाठ असतात आणि अक्षर एक येत नाही. मुलगा अमेरिकेत जन्मला असेल तर तो भाषा बोलतो, वाचत नाही. मग ते द्वैभाषिक पुस्तक वाचायचं कुणी? तरीही मिनेसोटा मानव्यविद्या केंद्राने सोमाली लोककथांची चार द्वैभाषिक पुस्तकं काढली तेव्हा त्यांचा उपयोग झाला, पण वेगळ्या वाटेने. त्यांतलं एक ‘धेगधेर’ या लांब कानांच्या, माणसं खाणाऱ्या बाईचं आहे. आपल्याकडची हडळ तिला जवळची. असं पुस्तक घरी गेलं की मूल इंग्रजी वाचतं, आजी चित्र ओळखते आणि खरी गोष्ट अशी नाहीच म्हणून आपली सांगायला लागते. पुस्तकाचं काम तिथे झालं. लोककथांवर एक रास्त आक्षेप आहे: परक्यांची संस्कृती म्हणजे सण, खाणं आणि राक्षस एवढीच उरते. टोपलीत फक्त त्याच असतील तर आक्षेप खरा. ‘अ डिफरंट पाँड’च्या शेजारी ‘धेगधेर’ असेल तर भीती नाही.

मातृभाषेतलं शिक्षण निर्वासितांसाठी नेहमी आजीशी बोलणं टिकावं याच कारणाने झालं असंही नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत हद्दीतून इराणमार्गे आलेल्या त्या बायकामुलांसाठी तिथे पोलिश भाषेतल्या शाळा चालत. कारण उघड होतं: युद्ध संपलं की परत जायचं. बहुतेकांना ते जमलं नाही, ती गोष्ट वेगळी. सेंट पॉलच्या वर्गातलं मूल परत जाणार आहे असं कुणीच धरून चालत नाही. त्याला कॅरेन किंवा सोमाली पुस्तक द्यायचं ते परतीच्या तयारीसाठी नाही. घरात त्याचं आणि आजीचं बोलणं तुटू नये म्हणून द्यायचं. हे लक्षात ठेवलं की निवडीतले बरेच वाद आपोआप मिटतात.

अक्षराची अडचणच नको, म्हणून शब्दाविना पुस्तकं हा एक मार्ग आहे. आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून येणाऱ्या बोटी इटलीच्या लाम्पेदूसा बेटाला लागत होत्या. तिथल्या स्थानिक आणि स्थलांतरित मुलांसाठी बालपुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१२ साली निःशब्द पुस्तकांचा संग्रह सुरू केला. कल्पना सोपी: कुणाचीच भाषा लागणार नाही. या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक ऑस्ट्रेलियाच्या शॉन टॅन यांचं ‘द अरायव्हल’ (२००६). त्यात एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून अनोळखी शहरात येतो. तिथल्या पाट्या टॅन यांनी स्वतः रचलेल्या लिपीत आहेत, त्यामुळे वाचणारा प्रत्येक जण निरक्षर ठरतो, बाईंसकट. ग्लासगोच्या एव्हलिन आरिस्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पुस्तक वेगवेगळ्या देशांतल्या स्थलांतरित मुलांबरोबर वाचून त्यावर २०१४ साली ग्रंथ लिहिला. माझी एवढीच सूचना, की निःशब्द पुस्तक सोपं असतं हा गैरसमज काढून टाकावा. ‘द अरायव्हल’ दहा वर्षांच्या मुलालाही एका बैठकीत झेपत नाही. शेजारी बसून बोट ठेवून बोलणारं कुणीतरी लागतं.

वयाचीही एक अडचण आहे. अमेरिकी वर्गात टोपल्यांवर वाचनपातळीची अक्षरं चिकटवलेली असतात. बारा वर्षांचा, तीन देश पाहिलेला मुलगा इंग्रजीत ‘ए’ पातळीवर असतो, म्हणून त्याच्या हाती बदकाच्या पिल्लाचं पुस्तक येतं. त्याला भाषा येत नाही, अक्कल आहे. चित्रकादंबऱ्या, खेळांची पुस्तकं, गाड्या-विमानांची माहिती यांनी ही अडचण बरीच सुटते. निर्वासित मुलाला निर्वासिताशी काहीही संबंध नसलेलं पुस्तक वाचायचा हक्क आहे, हेही त्यातून साधतं.

इथे फिजीचा एक जुना प्रयोग आठवतो. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी तिथल्या खेड्यांतल्या शाळांत, मूळ फिजीयन आणि गिरमिटियांच्या वंशातल्या मुलांसाठी, चौथी-पाचवीच्या वर्गांत २५० रंगीत इंग्रजी गोष्टींची पुस्तकं ओतली. आठ महिन्यांत या मुलांची वाचनातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती इतरांच्या जवळजवळ दुप्पट झाली. १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती पुस्तकं फिजीबद्दलची नव्हती. आरसे शोधणाऱ्यांना हा अभ्यास गैरसोयीचा वाटतो, पण तो दृष्टीआड करू नये. दहा अचूक, पुरस्कारप्राप्त, सर्वसमावेशक पुस्तकांनी कोपरा भरत नाही. आधी ढीग हवा, मग त्या ढिगात त्या मुलाचं घर सापडायला हवं.

या सगळ्यावर गेल्या पंधरा वर्षांत राजकारणाचं सावट आहे. ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रमच कायद्याने बंद पडला आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याची पुस्तकं वर्गांतून उचलून खोक्यांत भरली गेली. त्यामागे वांशिक आकस होता, असा निर्णय संघराज्य न्यायालयाने दिला, पण तो २०१७ साली. फ्लोरिडात २०२२ च्या कायद्याने वर्गातलं प्रत्येक पुस्तक प्रमाणित ग्रंथपालाने तपासणं बंधनकारक केलं. पुढच्या जानेवारीत मॅनटी जिल्ह्यातल्या काही शिक्षकांनी खटल्याच्या धास्तीने मांडण्या कागदाने झाकल्या. आपल्या पैशांनी घेतलेली पुस्तकं स्वतःच झाकायची!

पण वाद ‘एकीकडे कट्टर गोरे, दुसरीकडे स्थलांतरित’ असा सरळ नाही. मेरिलँडमधल्या माँटगोमेरी जिल्ह्यात समलिंगी पात्रं असलेली चित्रपुस्तकं प्राथमिक वर्गांत आली, तेव्हा मुलांना त्या वेळी बाहेर ठेवू द्या अशी मागणी करणाऱ्यांत मुस्लिम आणि इथिओपियन ऑर्थोडॉक्स पालक पुढे होते. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. मला तो निकाल शाळांच्या दृष्टीने अडचणीचा वाटतो. तरी त्या पालकांना कुणी आधी विचारलं होतं का, हा प्रश्न उरतोच. संस्कृतींना जागा द्यायची म्हटल्यावर त्या संस्कृतींची मतंही दारातून आत येतात.

त्याच वर्षी अमेरिकेत निर्वासितांचा प्रवेश जवळपास थांबला आणि शाळांच्या आवारात स्थलांतरितांवर सहसा कारवाई न करण्याचं जुनं धोरणही रद्द झालं. अशा वेळी हद्दपारीवरचं पुस्तक सगळ्यांदेखत घरी नेणं म्हणजे आपल्या घराबद्दल काही सांगून टाकणं. पुस्तक कुणी नेलं याची नोंद मुलानेच, स्वतःच्या वहीत ठेवावी एवढी साधी व्यवस्था पुरते. शिक्षकांनी तेवढं पाहावं.

राहिला प्रश्न बाजाराचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिल्ड्रन्स बुक प्रेसने १९७५ पासून द्वैभाषिक पुस्तकं काढली, पण २०१२ साली ती संस्था न्यूयॉर्कच्या ली अँड लो प्रकाशनात विलीन झाली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुक्त मंचावर २०१५ पासून शेकडो भाषांत गोष्टी फुकट मिळतात, मराठीतही. बरेच अनुवाद हौशी असल्याने छापण्याआधी भाषा येणाऱ्या माणसाच्या नजरेखालून घालावे लागतात, तरी गरजू बाईंसाठी ही मोठी सोय. एवढं करूनही काही मुलं सुटतात. मिलवॉकीत रोहिंग्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या भाषेतलं चित्रपुस्तक कुठल्या दुकानात मिळणार?

टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या थॉर्नवुड शाळेने यावर १९९० च्या दशकाच्या शेवटी एक उपाय काढला. भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांच्या लेखनामुळे तो पुढे सर्वत्र माहीत झाला. पहिली-दुसरीच्या मुलांनी स्वतःची गोष्ट इंग्रजीत लिहायची, आईबापांनी किंवा भाषा येणाऱ्या कुणी ती घरच्या भाषेत उतरवायची, चित्रं मुलाने काढायची. लिपी नसेल तिथे आवाज ध्वनिमुद्रित करता येतो. यात पैसा जवळपास लागत नाही, वेळ भरपूर लागतो. अशी पुस्तकं पालकसभेच्या दिवशी भिंतीवर टांगून संध्याकाळी उतरवली जातात, असं पुष्कळ शाळांत घडतं. ती पुठ्ठ्याने बांधून, पाठीवर नाव घालून छापील पुस्तकांच्याच टोपलीत टाकावीत आणि त्या नियमानेच घरी नेऊ द्यावीत. दोन-तीन वर्षांत ती फाटतात. मग पुढच्या तुकडीकडून नवी लिहून घ्यायची.